वर्डमधलं पान ऐकत नाही तेव्हा कुठे बघायचं

शीर्षक पानाच्या तळाशी एकटंच अडकतं आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर जातो. मध्येच एक कोरं पान येतं, ते डिलीट दाबदाबूनही हलत नाही. टेबल अर्धं पान रिकामं सोडून खाली उडी मारतं. एकच पान आडवं करायचं असतं, तर अख्खा अहवाल आडवा होतो. वर्डमध्ये पहिल्यांदा मोठा दस्तऐवज करणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीतरी येतंच. त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला: मजकूर पुढच्या पानावर जाईपर्यंत एंटर मारत राहायचं. मग कुणीतरी पान तीनवर दोन ओळी वाढवतं, सगळे एंटर दोन ओळींनी खाली घसरतात आणि तिथून पुढची सगळी पानं पुन्हा बिघडतात.

वर्ड हट्टी वाटतो खरा, पण तो नियमानेच चालतो. पंचाईत एवढीच की हे नियम ज्या खुणांमध्ये साठवलेले असतात, त्या एरवी पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी त्या खुणा उघड्या करायच्या. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

सुरुवातीला फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने जतन करा आणि काय प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करा. यावर जास्त बोलायची गरज नाही.

पायरी १: लपलेल्या खुणा दाखवा

होम टॅबवर परिच्छेदाच्या बटणांमध्ये ¶ असं चिन्ह आहे, ते दाबा. कीबोर्डवरून कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबलं तरी तेच होतं. लिब्रेऑफिस रायटर, म्हणजे वर्डसारखाच मोफत प्रोग्राम, वापरत असाल तर कंट्रोल आणि एफ-१०.

आता पान गजबजलेलं दिसेल. घाबरू नका, यातलं काहीही छापलं जात नाही. शब्दांमधले छोटे ठिपके म्हणजे स्पेस. उजवीकडे जाणारा बाण म्हणजे टॅब. ओळीच्या शेवटी मोडलेला बाण दिसला तर तिथे कुणीतरी शिफ्ट-एंटर मारलंय, म्हणजे ओळ तोडली आहे, परिच्छेद संपलेला नाही. ¶ म्हणजे परिच्छेदाचा शेवट. एकेरी ठिपक्यांच्या रेषेवर ‘पेज ब्रेक’ लिहिलेलं असतं आणि दुहेरी रेषेवर ‘सेक्शन ब्रेक’, म्हणजे वेगळी पानमांडणी ठेवता येणारे दस्तऐवजाचे भाग (सेक्शन) जिथे वेगळे होतात ती जागा. काही परिच्छेदांच्या डाव्या बाजूला समासात एक बारीक काळा चौकोन दिसेल. तो लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

यातल्या ¶ कडे जरा निरखून बघा. परिच्छेद कुठे संपला एवढंच ते सांगत नाही. त्या परिच्छेदाची स्टाइल (म्हणजे नाव देऊन साठवलेली मांडणी), ओळींमधलं अंतर, वर-खाली सोडलेली जागा, डावी-उजवीकडची मांडणी, सगळं त्या एका खुणेत असतं. म्हणूनच एका परिच्छेदाच्या शेवटी डिलीट दाबून पुढचा परिच्छेद त्याला जोडला की कधीकधी मजकुराचं रूपच बदलतं: शीर्षक साधं होतं किंवा साधा मजकूर शीर्षकासारखा जाड होतो. दोन खुणांपैकी एक गेली आणि जी उरली तिचे नियम दोन्हींना लागले, एवढंच झालेलं असतं.

खुणा दिसायला लागल्यावर रिकाम्या ¶ च्या रांगा शोधा. लागोपाठ सात-आठ दिसल्या तर कुणीतरी एंटरने पान रेटलेलं आहे. त्या सगळ्या काढा आणि जिथे खरंच नवं पान हवं आहे तिथे कंट्रोल-एंटर दाबा. प्रत्येक प्रकरण नव्या पानावरच सुरू व्हायला हवं असेल तर त्याहून चांगला मार्ग आहे. प्रकरणाच्या शीर्षकाची स्टाइल बदला: मॉडिफाय, मग फॉरमॅट, मग पॅराग्राफ, मग ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या टॅबवर ‘पेज ब्रेक बिफोर’ला टिक. आता मागेपुढे कितीही मजकूर वाढो, प्रकरण नव्या पानावरच सुरू होणार.

पायरी २: न जाणारं कोरं पान

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारणं चारच आहेत, त्याच क्रमाने तपासा.

पहिलं, रिकामे ¶. दिसले की उडवा.

दुसरं, पेज ब्रेकची रेषा, किंवा पुढच्या शीर्षकाला ‘पेज ब्रेक बिफोर’ असताना वर आणखी एक हाताने घातलेला पेज ब्रेक. दोघं मिळून एक पान जास्तीचं काढतात.

तिसरं, दस्तऐवजाच्या शेवटी असलेलं टेबल. हे नवख्याला फार छळतं. टेबल पानाच्या तळापर्यंत भरलेलं असतं आणि पुढच्या कोऱ्या पानावर एकच ¶ बसलेला असतो, जो पुसताच येत नाही. टेबलानंतर एक परिच्छेद हवाच, असा वर्डचा नियम आहे. तो काढता येत नाही, पण लहान करता येतो. ती खूण निवडा, फॉन्टचा आकार १ करा. मग पॅराग्राफच्या डायलॉगमध्ये बिफोर आणि आफ्टर दोन्ही ० करा, लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ निवडून तिथेही १ पॉइंट भरा. खूण वरच्या पानावर सरकते आणि कोरं पान जातं. तरीही जागा पुरली नाही तर खालचा समास किंचित कमी करा.

चौथं कारण चकवा देणारं आहे. पडद्यावर कोरं पान दिसतच नाही, पण छापल्यावर किंवा पीडीएफ केल्यावर येतं. पृष्ठक्रमांकांकडे बघा: ११ नंतर थेट १३ आला असेल तर मधे ‘ऑड पेज’ प्रकारचा सेक्शन ब्रेक आहे. पुस्तकात प्रकरण उजव्या, म्हणजे विषम क्रमांकाच्या पानावर सुरू व्हावं म्हणून हा ब्रेक असतो. मागचं प्रकरण विषम पानावर संपलं तर वर्ड मधे एक सम पान कोरं सोडतो. दोन्ही बाजूंनी छापायचं पुस्तक असेल तर ते तसंच राहू द्या, ते बरोबर आहे. ऑफिसचा अहवाल असेल तर ब्रेकनंतरच्या मजकुरात कर्सर ठेवा, लेआउट टॅबवरून पेज सेटअपचा डायलॉग उघडा आणि ‘सेक्शन स्टार्ट’मध्ये ‘न्यू पेज’ निवडा. कर्सर ब्रेकच्या नंतर ठेवायचा, आधी नाही. ब्रेकचा प्रकार पुढच्या सेक्शनच्या सेटिंगमध्ये असतो, ही गोष्ट खूप जुन्या लोकांनाही माहीत नसते.

लिब्रेऑफिसमध्येही अशी आपोआप आलेली कोरी पानं असतात. ती छापायची की नाही, हे तिथे प्रिंटच्या पर्यायांमध्ये ठरवता येतं.

पायरी ३: शीर्षक एकटं, ओळ एकटी

शीर्षक तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर, असं झालं तर ते शीर्षक बहुधा खरं शीर्षकच नसतं. साध्या मजकुराला जाड आणि मोठं केलेलं असतं. वर्डच्या तयार हेडिंग स्टाइल्समध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ आधीच चालू असतं, म्हणजे शीर्षक पुढच्या परिच्छेदाला चिकटून राहतं. त्यामुळे इथला उपाय एंटर नाही, हेडिंग स्टाइल हाच आहे. तिचं दिसणं आवडत नसेल तर स्टाइल बदला. दिसणं एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, आणि अनुक्रमणिकाही मग एका क्लिकवर तयार होते.

परिच्छेदाची एकच ओळ एका पानावर आणि बाकीच्या दुसऱ्या पानावर जाऊ नयेत, यासाठी ‘विडो/ऑर्फन कंट्रोल’ असतं. साध्या मजकुरात ते मुळातच चालू असतं. म्हणून कधीकधी पानाच्या तळाशी एक ओळ मावेल एवढी जागा दिसते, तरी ती भरली जात नाही. हा बिघाड नाही.

आता त्या काळ्या चौकोनाकडे. परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’, ‘कीप लाइन्स टुगेदर’ किंवा ‘पेज ब्रेक बिफोर’ लावलेलं असेल तर तो दिसतो. शीर्षकाशेजारी तो असणं ठीक. पण लागोपाठ पंधरा परिच्छेदांशेजारी चौकोनांची रांग दिसली तर अर्धं पान रिकामं का सुटलं, याचं उत्तर मिळालं. प्रत्येक परिच्छेद पुढच्याला धरून आहे, म्हणून एकही मागे राहायला तयार नाही आणि सगळा गठ्ठाच पुढच्या पानावर जातो. शीर्षकानंतर एंटर मारून तीच मांडणी पुढे ओढत नेली की असं होतं. असे सगळे परिच्छेद निवडा आणि कंट्रोल-क्यू दाबा. हाताने लावलेली परिच्छेदाची मांडणी निघते, स्टाइलची तेवढी उरते. अक्षरांची हाताने केलेली सजावट काढायला कंट्रोल-स्पेस. या दोन जोड्या पाठ असल्या तर निम्मी दुरुस्ती होऊन जाते.

एखाद्या जागी नेमकं काय लावलेलं आहे, हे कळत नसेल तर तिथे कर्सर ठेवून शिफ्ट-एफ-१ दाबा. उजवीकडे एक यादी उघडते: फॉन्ट काय, परिच्छेदाचं काय, सेक्शनचं काय. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बरं.

पायरी ४: सेक्शन ब्रेक, खरा गुंता इथेच आहे

कागदाचा आकार, आडवं-उभं, समास, हेडर-फूटर (पानाच्या माथ्यावर आणि तळाशी येणारा मजकूर) आणि पृष्ठक्रमांकांची सुरुवात या गोष्टी पानाच्या नसतात, सेक्शनच्या असतात. दस्तऐवजात एकच सेक्शन असेल तर एक पान आडवं केलं की सगळी आडवी होणारच. मधलं एकच पान आडवं हवं असेल तर त्याच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन ‘नेक्स्ट पेज’ सेक्शन ब्रेक घाला आणि मग मधल्या सेक्शनमध्ये कर्सर ठेवून आडवं करा. लोक पहिला ब्रेक घालतात आणि दुसरा विसरतात. मग तिथून शेवटपर्यंत सगळंच आडवं होतं.

हेडर-फूटरचा घोळ याच्याच पुढचा. नवीन सेक्शन झाला तरी त्याचा हेडर मागच्या सेक्शनशी जोडलेला असतो, ‘लिंक टू प्रीव्हियस’ चालू असतं. प्रकरण दोनचा हेडर बदलला तर प्रकरण एकचाही बदलतो, तो यामुळे. नव्या सेक्शनच्या हेडरमध्ये दोनदा क्लिक करा, आधी लिंक बंद करा आणि मगच मजकूर बदला. हाच क्रम पाळा, उलटा नको. फूटरची लिंक वेगळी असते, तीही वेगळी बंद करावी लागते. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ आणि ‘डिफरंट ऑड अँड ईव्हन’ दोन्ही चालू असतील तर पहिल्या पानाचा, सम पानांचा आणि विषम पानांचा असे एकाच सेक्शनला तीन हेडर होतात आणि प्रत्येकाची लिंक स्वतंत्र असते. एका पानावर क्रमांक येतो आणि पुढच्यावर नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे दोन पर्याय बघा.

आता ब्रेक पुसण्याबद्दल. समजा पहिला सेक्शन उभा आहे, दुसरा आणि शेवटचा आडवा. तुम्हाला ब्रेक नको म्हणून तुम्ही त्या दुहेरी रेषेवर डिलीट दाबलं. अपेक्षा अशी की आडवा भाग उभा होईल. होतं उलटं, उभी पानंच आडवी होतात. कारण तेच: ¶ मध्ये जशी परिच्छेदाची मांडणी असते, तशी सेक्शन ब्रेकमध्ये त्याच्या वरच्या सेक्शनची मांडणी असते. ब्रेक गेला की वरच्या मजकुराची स्वतःची मांडणी जाते आणि तो खालच्या सेक्शनचे नियम घेतो. शेवटच्या सेक्शनची मांडणी मात्र दस्तऐवजाच्या अगदी शेवटच्या ¶ मध्ये असते.

म्हणून ब्रेक पुसण्याआधी खालचा सेक्शन वरच्यासारखा करून घ्या. कर्सर वरच्या सेक्शनमध्ये ठेवा, पेज सेटअपचा डायलॉग उघडा, काही न बदलता ओके म्हणा. मग कर्सर खालच्या सेक्शनमध्ये नेऊन एफ-४ दाबा. एफ-४ म्हणजे शेवटची कृती पुन्हा करणं, त्यामुळे वरची सगळी सेटिंग खाली लागतात. हेडर-फूटरमध्ये जाऊन खालच्या सेक्शनची ‘लिंक टू प्रीव्हियस’ चालू करा. आता ब्रेक पुसा. काहीही हलणार नाही.

सेक्शनच्या सेटिंगमध्येच आणखी एक लपलेली गोष्ट आहे. एखाद्या पानावर परिच्छेदांमध्ये उगाच मोठमोठी अंतरं दिसत असतील, किंवा मजकूर पानाच्या मधोमध तरंगत असेल आणि परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये काहीच सापडत नसेल, तर पेज सेटअपमध्ये ‘व्हर्टिकल अलाइनमेंट’ बघा. तिथे ‘टॉप’ हवं. ‘जस्टिफाइड’ असेल तर परिच्छेद ताणून पान वरून खालपर्यंत भरलं जातं.

लिब्रेऑफिसमध्ये हे काम पेज स्टाइल करतात. हाताने घातलेल्या ब्रेकसोबत पुढची पेज स्टाइल निवडायची, की आडवं-उभं आणि हेडर त्या स्टाइलबरोबर येतं. मला ती पद्धत जास्त सरळ वाटते, पण बहुतेकांना फाइल वर्डमध्येच द्यायची असते.

पायरी ५: टेबल आणि चित्रं

टेबलाची एक ओळ पानाच्या सीमेवर मावत नसली की ती तुटून दोन पानांवर जाते. तशी तुटू नये असं वाटत असेल तर टेबल प्रॉपर्टीजमध्ये ‘रो’ टॅबवर ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ची टिक काढा. उलट एखाद्या कप्प्यात पानभर मजकूर असेल आणि टेबल रिकामी जागा सोडून उडी मारत असेल तर तीच टिक लावा.

प्रत्येक पानावर टेबलाचं डोकं पुन्हा यावं यासाठी पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ लावतात. लावूनही ते येत नसेल तर दोन कारणं संभवतात. एक म्हणजे टेबलाचं ‘टेक्स्ट रॅपिंग’ ‘अराउंड’ आहे, ते ‘नन’ करा. दुसरं म्हणजे मधे कुणीतरी हाताने पेज ब्रेक घालून टेबल तोडलं आहे. ब्रेक काढा, टेबलाला स्वतःहून वाहू द्या.

चित्रांच्या बाबतीत नवख्यांना माझा एकच सल्ला: चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. मग ते एका मोठ्या अक्षरासारखं वागतं, जिथे ठेवलं तिथेच राहतं. इतर रॅपिंगमध्ये, म्हणजे मजकूर चित्राभोवती वाहू देण्याच्या पर्यायांमध्ये, चित्र कुठल्यातरी परिच्छेदाला नांगरलेलं असतं. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्रही जातं आणि परिच्छेद पुसला की चित्रही पुसलं जातं. खुणा चालू असताना चित्र निवडलं की नांगराचं चिन्ह दिसतं, त्यावरून चित्र कशाला बांधलंय ते कळतं.

चित्राची फक्त एक पट्टी दिसत असेल आणि बाकी गायब असेल तर त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ आहे. ‘सिंगल’ करा, चित्र पूर्ण दिसेल.

पायरी ६: ओळींमधली अंतरं

दोन फायली जोडल्यावर अंतरं जुळत नाहीत, कारण वर्डचे मूळ आकडेच आवृत्तीगणिक बदललेत. २००३ पर्यंत साधा मजकूर सिंगल स्पेसिंगचा होता आणि परिच्छेदानंतर जागा नव्हती. २००७ मध्ये ओळींचं अंतर १.१५ आणि परिच्छेदानंतर १० पॉइंट आलं. २०१३ मध्ये ते १.०८ आणि ८ पॉइंट झालं. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, त्यावरून अंदाज करा. उपाय स्टाइलमध्येच आहे: ‘नॉर्मल’ स्टाइलचे आकडे तुम्हाला हवे तसे ठरवा. यादीतल्या मुद्द्यांमध्ये जास्तीची जागा सुटत असेल किंवा अजिबात सुटत नसेल तर ‘डोन्ट अॅड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल’ ही टिक बघा.

देवनागरीत एक वेगळीच गोष्ट घडते. ‘सिंगल’ म्हणजे ओळीची उंची फॉन्ट ठरवतो आणि वेलांट्या, रफार, उकार मावावेत म्हणून देवनागरी फॉन्ट जास्त उंची मागतात. मंगल तर बरीच मागतो. त्यामुळे रोमन मजकुरात एक जरी मराठी शब्द आला तरी तेवढीच ओळ खाली ढकलली जाते. यावर ‘एक्झॅक्टली’ लावता येतं, पण आकडा कमी पडला तर वेलांट्यांची टोकं कापली जातात. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरुवात करा आणि ‘र्की’, ‘द्धू’ अशी उंच-खोल अक्षरं असलेल्या ओळीवर तपासून कमी करत या.

शिवाय कंट्रोल-डी दाबून फॉन्टचा डायलॉग उघडलात तर लॅटिन मजकूर आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स यांना वेगळे कप्पे दिसतील, फॉन्ट वेगळा आणि आकारही वेगळा. देवनागरी दुसऱ्या कप्प्यात येते. स्टाइल बदलून इंग्रजी मजकूर बदलला आणि मराठी तसाच राहिला, तर बदल चुकीच्या कप्प्यात झाला आहे.

दोन्ही बाजूंनी जुळवलेल्या परिच्छेदात एखादी ओळ चार शब्दांत पानभर ताणलेली दिसली तर ओळीच्या शेवटी मोडलेला बाण शोधा. शिफ्ट-एंटरच्या जागी एंटर घाला.

पायरी ७: माझ्याकडे बरोबर, त्यांच्याकडे बिघडलेलं

तुमचा फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर वर्ड दुसरा फॉन्ट लावतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सगळी पानं सरकतात. ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ लावा. काही फॉन्टना त्यांच्या परवान्यामुळे हे चालत नाही. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा.

मग कागद तपासा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा, लेटर सुमारे २१६ बाय २७९ चा. फाइल लेटरवर केली आणि छापली ए-फोरवर, तर समास विचित्र दिसतात किंवा मजकूर किंचित लहान होतो.

एवढं सगळं करूनही एखादी फाइल वेड्यासारखी वागत असेल, क्रमांक आपोआप बदलत असतील, सेव्ह केलेलं टिकत नसेल, तर फाइल आतून बिघडलेली असू शकते. नवी कोरी फाइल उघडा. जुन्या फाइलमधला सगळा मजकूर निवडा, पण शेवटचा ¶ सोडून. कंट्रोल-एने सगळं निवडायचं, मग शिफ्ट धरून डावीकडचा बाण एकदा दाबायचा, की शेवटची खूण बाहेर राहते. कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवा. दस्तऐवजाचा बराच घोळ त्या शेवटच्या खुणेत साचलेला असतो, तो मागेच राहतो. मात्र त्याच खुणेत शेवटच्या सेक्शनचे समास आणि हेडर-फूटरही होते, तेवढे नव्या फाइलमध्ये पुन्हा लावावे लागतील.